54 ग्रॅम

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसाची गोष्ट. चोपड्यात पारा 44 वर होता. एरवी मी वर्कशॉपला असतो, टायरची कामं तेवढी सुटीच्या दिवशी घरी ओट्यावर करतो. साडेबाराच्या सुमाराला एक पोरगा रॉयल एनफील्डची क्लासिक 350 घेऊन दारात थांबला. "भाऊ, सत्तरना वर गयी का हँडल हालस," म्हणाला. बहीण शिरपूरला दिलेली. तिला आणि तिच्या दीड वर्षाच्या लेकराला आखाजीसाठी घरी आणायचं होतं, त्याच दिवशी.

पुढचा टायर त्याने आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या गावात बदलून घेतला होता. हँडल तेव्हापासून हलत होतं. मग एकाने कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातल्या बेअरिंगी, बदलला, दुसऱ्याने फोर्कचं ऑईल बदललं. फरक शून्य. आमच्या धंद्यात ही सवयच लागलीय, हँडल हललं की कोनसेट. गाडी उचलून चाक एकदा हाताने फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढीही कुणी देत नाही. चारचाकीचा टायर बदलला की बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, न सांगता होतं. दुचाकीवाल्याला विचारलं तर 'आपल्याला कशाला लागतं?' पंधरा हजारांचा सायलेन्सर बसवणारे दीडशे रुपयांच्या बॅलन्सिंगसाठी घासाघीस करतात.

माझा चाक तोलायचा स्टँड घरीच बनवलेला आहे. अँगलचे दोन उभे खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर जोडीने दोन बेअरिंगी. त्या डिझेलमध्ये धुऊन ग्रीस पार काढून टाकलंय, नुसतं शिलाई मशीनचं तेल. चाकाच्या आतल्या बेअरिंगींवर भरवसा ठेवून चालत नाही, त्यांचं ग्रीस आणि सील चाक धरून ठेवतात. म्हणून दांडा चाकात घट्ट बसवायचा आणि दांड्यासकट चाक फिरू द्यायचं. खांब पाणसळ लावून एका पातळीत घेतले की मग एवढंसं वजनसुद्धा चाक ओढून खाली आणतं. स्पोकच्या चाकाला चिकटवायची शिशाची वजनं मी वापरत नाही. सोल्डरची तार निपलजवळ, म्हणजे स्पोक रिमला जिथं आवळतात तिथं, स्पोकला गुंडाळतो. तार तोलायला जळगावच्या सराफातून आणलेला एक जुना काटा आहे.

चाक स्टँडवर ठेवलं. डुलत डुलत एका जागी थांबलं. खाली आलेल्या जागेवर खडूची खूण केली, चाक पाव फेरा फिरवून सोडलं. पुन्हा खूण खाली. तीनदा तेच. मग खुणेच्या बरोबर समोर तार गुंडाळायला लागलो. 10 ग्रॅम, 20, 30. खूण खालीच. 40 ला चाक जरा रेंगाळलं. 54 ग्रॅमला कुठंही सोडलं तरी तिथंच उभं राहिलं.

ह्या मापाच्या चाकाला ताशी 80 किलोमीटरवर 54 ग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास सहा किलोचा हिसका, सेकंदाला 11 वेळा. वेग निम्मा केला तर हिसका पाव होतो, म्हणूनच गावात फिरताना काही कळत नाही. तार पक्की केली, चाक बसवलं, यावल रस्त्याला फेरी मारून आलो. 80 ला हँडल गप्प. पोरगा खूश, मीही खूश. दीडशे रुपये घेतले. तो शिरपूरच्या रस्त्याला लागला.

जेवायला बसलो तेव्हा घास गिळवेना. पुढच्या चाकाला 10 लागतात, 20 लागतात. 54 लागले तर दोष टायरचा की रिमचा ते कळायला हवा सोडून टायर रिमवर अर्धा वेढा फिरवायचा आणि पुन्हा तोलायचं, हे मी वर्कशॉपच्या पोरांना स्वतः शिकवतो. इथं मी ते केलं नव्हतं. त्याला घाई होती आणि टायर नवा होता. पण नवा कशावरून? नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. आठ दिवसांत मधले झिजतील, पण कडेचे महिनोन्महिने टिकतात. ह्या टायरला एक केस नव्हता, नुसती पॉलिशची चकाकी होती. डोळ्यांनी ते बघितलं होतं. मनाने आत्ता बघितलं.

फोन लावला. तीनदा उचलला नाही. जेवण तसंच सोडून टायर लिव्हर, पंप आणि हवेच्या व्हॉल्व्हची चावी पिशवीत भरली आणि निघालो. हातेडजवळ त्याचा फोन आला. रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायला थांबला होता. "काय जयं भाऊ?"

लिंबाच्या सावलीत चाक उतरवलं. उन्हाने टायर इतका मऊ झालेला की साबणाचं पाणी न लावताच कडा सुटली. आत हात घातला तर बोटांना पायरी लागली. जुन्या टायरचा कापलेला तुकडा सोल्यूशनने चिकटवलेला. गेटर. त्याच्याखाली टायरच्या बगलेत दोन इंचांचा काप, दोरे तुटलेले. उन्हात सोल्यूशन सुटून गेटरची एक कडा उचकटली होती आणि तेवढ्या जागी ट्यूब घासून पापडासारखी झाली होती. तारखेचे आकडे डिस्कच्या बाजूला निघाले, 3118. म्हणजे 2018 च्या 31 व्या आठवड्यातला टायर. मागच्या चाकाला घालतानाही मी दहादा विचार केला असता, आणि इथं हा पुढं होता. पुढची ट्यूब धावत्या गाडीत फुटली तर हँडल हातात राहत नाही. येताना टाकीवर लेकरू असणार होतं.

ज्याने तो टायर नवा म्हणून विकला त्याच्याबद्दल काय लिहू? अशी माणसं धंद्यात आहेत हे मला ठाऊक आहे. मला छळतं ते वेगळंच. दुकानदाराने दडवलेली गोष्ट ते हँडल आठ दिवस ओरडून सांगत होतं. दोघांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, नीट मोजलं आणि दीडशे रुपये घेऊन त्याचं तोंड बंद केलं.

चाक माझ्या गाडीला बांधून चोपड्याला आणलं, नवा टायर आणि ट्यूब घातली. तोललं, 9 ग्रॅम. परत हातेडला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. टायरचे पैसे त्याने दिले, मजुरी मी घेतली नाही. चाक बसवताना तो म्हणाला, "पण भाऊ, दुपारी तर चांगली चालत होती." मला उत्तर देता आलं नाही. तो शिरपूरला मुक्काम करून आखाजीच्या सकाळी बहिणीला घेऊन गेला.

गेटर घरी आणून काट्यावर ठेवला. 47 ग्रॅम.

आता 30 ग्रॅमच्या वर गेलं की मी टायर उघडतोच. मागच्या रविवारी एकाला 38 लागले. म्हटलं, उघडून बघतो. तो म्हणाला, वेळ नाही, तेवढी तार गुंडाळून द्या. मी तार न लावता चाक बसवून दिलं. तो रागावून निघून गेला. पुढे कुणाकडून तार गुंडाळून घेतली असेल का, ते रोज मनात येतं.