150 रुपयांची मुंबई आणि एक आधार कार्ड

आम्ही चौघी डोंबिवलीच्या. महिन्यातून एकदा मुंबईत भटकायचं आणि लोकलचं तिकीट सोडून डोई 150 रुपयांच्या वर जायचं नाही, हा आमचा नियम. पूर्वी टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करायचो, पण रात्री दहाला “तुझे माझ्याकडे 22 निघतात” असे मेसेज यायला लागले. म्हणून आता सकाळी गाडीतच कॉन्ट्री गोळा करून एका डबीत टाकतो.

या वेळी मला अवदसा आठवली. फोर्टातली एक जुनी वास्तू आतून दाखवतात, तीही फुकट, असं कळलं. नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात अट होती, गट किमान 5 जणांचा. आम्ही चार. पाचवीसाठी बरीच फोनाफोनी केली, पण शनिवारी कोण मोकळं असतं? शेवटी आमच्यातल्या बँकवालीने सासूबाईंना विचारलं. वय 68. काकू म्हणाल्या, “येते की. पण चहा मिळेल ना?”

फॉर्म मी भरला, रात्री साडेअकराला. प्रत्येकीचं आधार अपलोड करायचं, फोटो ठरावीक आकाराच्या आत बसवायचा, ओटीपी येईपर्यंत पान मरायचं. तिसऱ्या वेळी फॉर्म गेला आणि मी विजयी मुद्रेने झोपले.

सकाळी साडेदहाची वेळ होती, आम्ही दहालाच फाटकावर. यादी घेऊन बसलेल्या माणसाने चार नावांवर टिक केली आणि पाचव्याला थांबला. “मॅडम, हे जुळत नाही.” झालं असं होतं, की बँकवालीचं आधार अजून माहेरच्या नावावर आणि फॉर्ममध्ये मी सवयीने सासरचं आडनाव ठोकलेलं. वीस वर्षं तिला त्याच नावाने ओळखते, कार्डाकडे बघितलंय कोणी! अपलोड केलेलं कार्ड त्यांच्याकडे होतंच, पण ते तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळ आता आली.

बरं, म्हटलं, ती बाहेर बसते, आम्ही चौघी जातो. तर म्हणे, मग तुम्ही चारच उरता, गट 5 चा हवा. म्हणजे ती आत येऊ शकत नाही आणि ती आली नाही म्हणून आम्हीही जाऊ शकत नाही. “मग काय करायचं?” “साहेब येतील.” “कधी?” “येतील.”

त्या फाटकासमोर आम्ही सव्वा तास उभ्या होतो. सावली नाही, बसायला दगड नाही. मी दोनदा त्या माणसावर आवाज चढवला, त्याने दोनदा तेच वाक्य तशाच आवाजात सांगितलं. चूक माझी होती हे मला ठाऊक होतं, म्हणून राग जास्त येत होता. पर्समध्ये शोधाशोध केल्यावर बँकवालीला नोकरीचं ओळखपत्र सापडलं, सासरच्या नावाचं. “सरकारी पाहिजे,” तो म्हणाला. इतका वेळ गप्प असलेल्या काकू पुढे झाल्या. “अहो, बँक राष्ट्रीयीकृत आहे. मग सरकारी म्हणजे अजून काय असतं?” त्याने विचार केला. खरंच केला! मग म्हणाला, झेरॉक्स आणा.

झेरॉक्स आणली. सव्वाअकराला साहेब आले, कागदाकडे न बघता सही केली आणि आत गेले. आतली सफर 25 मिनिटांची. जिना सुंदर होता, एवढंच आठवतं.

तेव्हा फॉर्म भरताना कार्ड हातात धरून नाव उतरवा, आठवणीतून नको. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच न्या; फोर्टात दुकान शोधण्यात दहा मिनिटं जातात. आणि 5 ची अट असेल तर नावं 6 द्या.

बाकीच्या दिवसाला कोणी काही विचारलं नाही. हॉर्निमन सर्कलच्या बागेत घरचे डबे खाल्ले. समोर एशियाटिक लायब्ररीच्या 30 पायऱ्या, काकू न थांबता चढल्या. जवळच सेंट थॉमस कॅथेड्रल, 1718 चं. जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता तो चर्चगेट. स्टेशनचं नाव तिथून आलं, हे आयुष्यभर लोकलने फिरूनही आम्हाला माहीत नव्हतं. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही आणि उन्हातून आल्यावर तिथला गारवा चित्रांइतकाच आवडतो. हो, सोमवारी निघू नका, काही संग्रहालयं बंद असतात.

संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने चाललो. एका हाताला राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला गोल सज्जांच्या आर्ट डेको इमारती. 2018 पासून हे दोन्ही मिळून जागतिक वारसा आहे. मग मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर बसून भेळ.

परतताना डबी उघडली. बेस्टच्या एसी बसचे 12 प्रमाणे 60, वडापाव 100, कटिंग 75, भेळ 200, झेरॉक्स 20. पाच जणींच्या 750 मधून 295 उरले. डबी काकूंनी आपल्या पिशवीत टाकली. “पुढच्या महिन्याचा फॉर्म मी भरते,” म्हणाल्या.