ळ आणि य

नागपूर, गुरुवार, रात्र.

बीएएसएलपीच्या, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाची म्हणजे इंटर्नशिपची सुरुवात झाल्यापासून पहिल्यांदाच सुपरव्हायझर मॅडमनी एका पथकाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली. हिंगणा रस्त्याकडच्या एका वस्तीत अंगणवाडीतल्या मुलांची वाचातपासणी करायची होती आणि सोबतीला दुसऱ्या वर्षाच्या तीन विद्यार्थिनी होत्या. चित्रांची कार्डे, नोंदीचा फॉर्म आणि प्रत्येक मुलाला द्यायचा वेळ हे सारे मीच ठरवले होते. चुकलेल्या ध्वनीसमोर फुली मारायची आणि पुढे जायचे, एवढीच सूचना मी सकाळी दिली. सूचना नेमकी असली की काम नीट होते, असे मला वाटत होते.

दुपारी पाच वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला. केळ्याचे चित्र पाहून तो म्हणाला, "तेयं." माझ्या विद्यार्थिनीने दोन फुल्या मारल्या, एक 'क'समोर आणि एक 'ळ'समोर. मीही मान डोलावली. तेवढ्यात त्याला सुधारायला म्हणून आजी म्हणाल्या, "तेयं नाही रे पोरा, केयं म्हण, केयं!"

तेव्हा माझ्या लक्षात आले. 'क'ऐवजी 'त' येणे हा या वयात लक्ष देण्याजोगा उच्चारदोष आहे, पण 'ळ'चा 'य' हा दोष नव्हे, ती त्या घरची बोली आहे. वऱ्हाडीत डोळा हा डोया असतो आणि काळा हा काया. मुलाने आजीचा उच्चार अचूक उचलला होता आणि आम्ही त्याच्या नावापुढे चूक नोंदवत होतो.

मला अधिक लागले ते पुढचे. ती विद्यार्थिनी अकोल्याची. तिच्या घरीही केयंच म्हणतात. "मला वाटलं होतं ताई, पण तुम्ही फुली मारायला सांगितली होती," ती हळूच म्हणाली. तिला हे ठाऊक असूनही बोलायला जागा नव्हती, आणि ती जागा माझ्या नेमक्या सूचनेनेच घेतली होती. पथक सांभाळणे म्हणजे सगळे आधी ठरवून देणे, ही माझी समजूतच चुकीची होती.

तपासणी थांबवून आम्ही चौघींनी सकाळपासूनचे फॉर्म पुन्हा पाहिले आणि पालकांना घरी कसे बोलतात हे विचारून केवळ बोलीमुळे पडलेल्या फुल्या काढल्या. ज्या दोन मुलांच्या आयांना मी आधीच "उच्चार तपासावे लागतील" असे सांगून बसले होते, त्यांच्या घरी जाऊन माझी चूक झाली हे सांगितले. एकीने सुटकेचा श्वास सोडला, तो मला अजून ऐकू येतो. मॅडमना फोन करून सर्व कळवले. त्यांनी फॉर्ममध्ये घरच्या बोलीचा रकाना घालायला सांगितला. उद्यापासून सकाळी पहिले मत सगळ्यात धाकटीचे घ्यायचे, हे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

त्या मुलाच्या 'क'वर मात्र काम सुरू झाले. सत्र अकोल्याच्या विद्यार्थिनीनेच घेतले, मी मागे बसून राहिले. तिने त्याला पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, जिभेचे मूळ वर उचलल्याची जाणीव करून दिली, आरशात जिभेचे टोक खाली कसे राहते ते दाखवले. तो अडखळला की माझे ओठ हलत, पण मी ते मिटून घेतले. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्याने आजीकडे पाहत स्पष्ट म्हटले, "केयं."

विद्यार्थिनीने माझ्याकडे न पाहता फॉर्मवर बरोबरची खूण केली.