रणगाडा खेळणं नाही, हे पटवताना

आधी हे लिहून टाकते, नाहीतर ओघात राहून जाईल. परदेशातून मॉडेल किट मागवणार असाल तर दुकानदाराला ऑर्डर देतानाच सांगा की पार्सलच्या कागदावर 'टॉय' लिहू नको, आणि 'मिलिटरी' तर अजिबात नको. 'प्लास्टिक स्केल मॉडेल किट, न जोडलेलं, वय १४ च्या पुढे' एवढं खरं आहे आणि एवढं पुरे. माझ्या पार्सलवर ते दोन्ही शब्द शेजारीशेजारी होते. त्यांनी माझे अकरा आठवडे खाल्ले.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी मुलाचा अर्धवट राहिलेला शर्मन रणगाडा माळ्यावरून काढून पूर्ण केला आणि तिथून हे वेड लागलं. चौथं मॉडेल सेंच्युरियन रणगाड्याचं करायचं ठरवलं, तेही १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात, आणि तेही पूना हॉर्स ह्या आपल्या सैन्यातल्या रणगाडा रेजिमेंटचं. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यात होते तो 'फॅमागुस्टा'. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर या असा हुकूम आला तेव्हा तोफ अजून चालतेय म्हणून नाही म्हणणारा एकवीस वर्षांचा मुलगा. खरा फॅमागुस्टा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. पूना हॉर्सची सुरुवात १८१७ ची, आणि त्याच सालच्या डिसेंबरात आमचे होळकर महिदपूरला इंग्रजांकडून हरले. सासरे असते तर ह्यावरून त्यांनी एक वेळचं जेवण नक्की सोडलं असतं.

रंग आणि थिनर मी मुंबईच्या एका दुकानातून मागवले. ते ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाने येत नाहीत, रस्त्याने येतात, आठ दिवस धरून चाला. तिथे काही अडलं नाही.

किट जपानमधून निघालं आणि पाच दिवसांत भारतात उतरलं. मेसेज आला तो रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे आमची रंगपंचमीची मिरवणूक, बघताना, टँकरने उडवलेल्या रंगात न्हाऊन निघताना माझ्या डोक्यात एकच विचार: आता दोन दिवसांत डबा घरी.

तिसऱ्या दिवशी कुरिअर कंपनीचा मेल आला. केवायसी पाठवा. पाठवलं. मग आला तो खरा मेल. हा माल खेळणं ह्या वर्गात मोडतो, तेव्हा बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र जोडावे.

ह्याला कारण आहे, आणि ते मला नंतर कळलं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसची खूण सक्तीची आहे. परदेशी मालालाही. कस्टमच्या यादीत स्केल मॉडेलं आणि खेळणी एकाच मथळ्याखाली येतात, ९५०३. त्यामुळे टेबलावर बसलेल्या माणसाला माझा सेंच्युरियन आणि चावीचं माकड सारखंच दिसतं. पण त्याच आदेशात खेळण्याची व्याख्याही दिलेली आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली किंवा उघडपणे त्या हेतूची वस्तू. माझ्या डब्यावर १४+ छापलेलं होतं. म्हणजे प्रश्न मिटला, असं मला वाटलं.

मी तसं लिहिलं. उत्तर आलं, 'कृपया बीआयएस प्रमाणपत्र जोडावे.'

मी पुन्हा लिहिलं, जरा सविस्तर. की ह्याचे दोनशेच्या वर तुकडे असतात, ते कटरने कापून, घासून, डिंकाने नव्हे तर प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या सिमेंटने चिकटवावे लागतात, त्यात मोटर नाही, ते चालत नाही, लहान मुलाच्या हातात दिलं तर दहा मिनिटांत तोफ मोडेल. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. १:३५ हे माप मुळात खेळण्यामुळेच आलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया ह्या जपानी मॉडेल कंपनीने पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं त्याचं आकारमान ठेवलं, आणि नंतर मोजून पाहिलं तर ते साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं. हे त्या साहेबांना कळलं असतं तर माझं किट आजही तिथेच असतं.

मग 'मिलिटरी' जागा झाला. आता विचारणा अशी की वस्तूचं वर्णन लष्करी स्वरूपाचं आहे, तरी अंतिम वापर, म्हणजे 'एंड यूज', कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह कळवावा. मला कंपनी नाही. लेटरहेड नाही. शिक्का होता, तो बँकेने परत घेतला. साध्या कागदावर लिहिलं, 'एंड यूज: रंगवून काचेच्या कपाटात ठेवणे.' नवऱ्याने वाचून सांगितलं, 'ठेवणे' खोड, संशयास्पद वाटतं. खोडून 'प्रदर्शित करणे' केलं. कागद परत आला, लेटरहेड नाही म्हणून.

प्रत्येक मेलला उत्तर देणारा माणूस नवा असायचा आणि प्रत्येक जण गोष्ट पहिल्यापासून सुरू करायचा. तक्रारीला क्रमांक मिळायचा आणि ४८ तासांत मी काही बोलले नाही तर 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' म्हणून तक्रार आपोआप बंद. एकदा शुक्रवारी संध्याकाळी मेल आला आणि रविवारी तक्रार बंद. हेल्पलाइनवर वाट पाहताना वाजणारी धून मला पाठ झाली. कपडे वाळत घालताना मी ती गुणगुणतेय हे मोलकरणीने दाखवून दिलं.

आता खरं सांगायचं तर फॉर्म मागायचं काम मी स्वतः २६ वर्षं केलं आहे. 'सही जुळत नाही', 'ही झेरॉक्स अस्पष्ट आहे', 'हा पुरावा चालत नाही, दुसरा आणा' ही वाक्यं मी काउंटरच्या ह्या बाजूने हजारदा बोलले असेन. त्यामुळे चिडताना एक अपराधी भावनाही होती. पण मी निदान समोर बसलेली असायचे. माणूस चिडला तर माझ्यावर चिडू शकायचा.

इंदूरच्या शाखेत तीन चकरा मारल्या. पहिल्या दोन वेळा एक मुलगा होता, त्याने कॉम्प्युटरकडे बघून 'होल्ड पे है' एवढंच सांगितलं. तिसऱ्या वेळी मे महिन्यातल्या भर दुपारी गेले. काउंटरवर पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. त्यांनी माझी सगळी मेलामेली मोबाइलवर खालपासून वरपर्यंत वाचली. वाचताना मध्येच एकदा हसले, बहुतेक काचेच्या कपाटाशी. मग म्हणाले, "मॅडम, आप जवाब दे रहे हो. उनको कागज चाहिए."

एवढं साधं. आणि मला, बँकेतल्या बाईला, ते दहा आठवडे सुचलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं तसं केलं. एकच पीडीएफ, तीन पानं. पहिल्या पानावर दुकानाचं बिल, त्यावर वस्तूचं नाव पेनाने अधोरेखित. दुसऱ्या पानावर डब्याचा फोटो, १४+ भोवती लाल गोल. तिसऱ्यावर माझं स्वघोषणापत्र: वस्तू एकच नग, वैयक्तिक छंदासाठी, विक्रीसाठी नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि आदेशातली व्याख्या शब्दशः. लेटरहेडच्या जागी माझं नाव-पत्ता वर मध्यभागी मोठ्या अक्षरात टाइप केला आणि खाली एक रेघ मारली. ते लेटरहेड म्हणून चाललं! चार दिवसांत पार्सल सुटलं.

ड्युटी किमतीच्या जवळजवळ पाऊण पट बसली. अडवताना ते खेळणं होतं आणि कर लावताना वैयक्तिक आयात झालं. ह्यावर मी काही बोलले नाही. पैसे भरले. खेळणं म्हणून लावली असती तर जास्तच बसली असती, कारण खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालेली आहे.

डबा आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. जोडणी बारा दिवसांत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका बाजूला सहा अशी चाकं, प्रत्येकाची जोडी, म्हणजे चोवीस चकत्यांच्या कडा घासायच्या. तेवढं मालिका बघत करा.

पण अकरा आठवड्यांचा खरा दंड पुढे भरला. मार्च-एप्रिलमध्ये इंदूरची हवा कोरडी खडखडीत असते, रंगकामाला तिच्यासारखी हवा नाही. मी रंगवायला बसले तेव्हा पाऊस लागला होता. हिरवा रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने, नीट बसला. शेवटचा मॅट थर मात्र स्प्रेच्या डब्यातून मारला, गॅलरीत, बाहेर रिमझिम चालू असताना. पाच मिनिटांत अख्ख्या रणगाड्यावर पांढुरकी झाक आली, पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी. हवेतली वाफ ओल्या वॉर्निशमध्ये अडकते म्हणून असं होतं. मी रडले नाही, पण त्या रात्री जेवले उशिरा. उपाय असा निघाला: उघडीप बघून पातळसा ग्लॉसचा थर दिला, झाक विरघळून गेली, आणि मॅट पुन्हा एअरब्रशने, पातळ, दोन हातांत. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते घ्या. साठ-पासष्टच्या वर काटा असेल तर स्प्रेच्या डब्याला हात लावू नका.

माती चढवणं हा माझा लाडका भाग. पहिल्यांदा मी आमच्या माळव्याची काळी माती लावणार होते, घरामागे हवी तेवढी आहे. मग लक्षात आलं की हा रणगाडा माळव्यात कधी आलाच नाही. बसंतरची लढाई झाली तो शकरगडचा भाग पंजाबच्या मैदानातला, नदीच्या गाळाचा, फिकट राखाडी-तपकिरी. शिवाय खरी माती वापरूच नये. एक मिलिमीटरचा कण ह्या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. मी सुक्या पेस्टलच्या कांड्या सँडपेपरवर घासल्या, पूड जुन्या मलमलीतून गाळली. आजी सुंठ वस्त्रगाळ करायची तशीच, दोनदा. अंगठा आणि तर्जनीत चिमटी धरली तर कण लागू नये, नुसता थंडपणा लागावा, इतकी बारीक. ती चाकांवर कोरड्या ब्रशने टेकवायची आणि कडेला टर्पेंटाइनचा एक थेंब सोडायचा. थेंब पूड घेऊन स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसतो. ओला असताना गडद दिसतो, घाबरू नका, वाळला की उजळतो.

टर्पेंटाइन लावण्याआधी वॉर्निशचा थर हवाच, नाहीतर सांध्यात साचून प्लास्टिक तडकतं. फटींमधल्या सावलीसाठी महागडे तयार वॉश, म्हणजे फटीत उतरणारे पातळ रंग, घेण्याची गरज नाही. चित्रकारांचा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, तैलरंग आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेवा. पुठ्ठा तेल पिऊन घेतो, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केला की तो चकाकत नाही. वॉर्निशचं ते मातीबद्दल लिहिण्याआधीच सांगायला हवं होतं.

आणि गंज कमी ठेवा. सगळे इथेच वाहवत जातात. लढाईतला रणगाडा भंगारात पडलेला नसतो. गंज सायलेन्सरवर, कारण तो तापतो. पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग उलट घासून चकचकीत होतो. रंगाचे टवके हेअरस्प्रेने काढता येतात: खालच्या रंगावर हेअरस्प्रे, वर अॅक्रिलिक, मग ओल्या ब्रशने टोचायचं. मी फक्त दारांच्या कडांना केलं, जिथे बूट लागतात.

'फॅमागुस्टा' हे नाव किटसोबतच्या तयार डिकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षर-चिन्हांत, नव्हतं. हाताने लिहिलं, तीन शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने, श्वास रोखून. 'जी' जरा तिरका झालाय. तसाच ठेवला.

ऑगस्टात, रणगाडा कपाटात जाऊन आठवडा झाल्यावर, कुरिअरचा मेल आला. आपल्या पार्सलसंदर्भात बीआयएस प्रमाणपत्र अद्याप प्राप्त नाही, ४८ तासांत न मिळाल्यास पार्सल परत पाठवले जाईल. मी काचेच्या कपाटाचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, 'एंड यूज.' तक्रार दोन दिवसांनी आपोआप बंद झाली.

हो, आणि गोदामभाड्याची पावती वेगळी मागून घ्या. बिलात ते 'हाताळणी' म्हणून मिसळून टाकतात. माझे ६४० रुपये त्यात गेले आहेत आणि ते कोणत्या आठवड्यांचे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.