तुम्ही विचारलंत म्हणून: नेक कोणाला म्हणायचे?

पाच वेळची नमाज न चुकवणारा आणि रमजानचे सगळे रोजे धरणारा माणूस इस्लामच्या दृष्टीने सदाचारी ठरतो का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत मुसलमान नसलेले मित्र असतात, तसेच घरातली तरुण मुलेही असतात. पूर्वी मी ‘तेवढेच पुरेसे नाही’ असे उत्तर देऊन थांबत असे. ते चूक नव्हते, पण अपुरे होते.

आपण बोलताना ‘नेकी’ म्हणतो, तो शब्द फारसीतून आलेला आहे. कुरआनातला शब्द आहे ‘बिर्र’. समुद्राच्या उलट असलेल्या कोरड्या जमिनीला अरबीत ‘बर्र’ म्हणतात, आणि या नात्यावरून काही जुन्या भाष्यकारांनी बिर्रचा अर्थ विस्तीर्ण, ऐसपैस चांगुलपणा असा लावला आहे. मला तो पटतो, कारण ‘सदाचार’ म्हटले की आपल्यासमोर स्वतःचे वर्तन निष्कलंक ठेवणारा माणूस उभा राहतो, तर बिर्र माणसाला इतरांपर्यंत नेऊन पोहोचवते.

याचा सर्वांत स्पष्ट खुलासा कुरआनातल्या सूरह बकराच्या (सूरह म्हणजे अध्याय) 177व्या आयतीत, म्हणजे वचनात, आहे. मदिनेत आल्यावर सोळा-सतरा महिने मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज अदा करत होते. हिजरी 2 मध्ये, म्हणजे इसवी सन 624 च्या सुमारास, किब्ला, म्हणजे नमाजेच्या वेळी तोंड करायची दिशा, बदलून मक्केतील काबा झाला आणि दिशेवरून बराच वाद माजला. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड वळवणे म्हणजे बिर्र नव्हे, असे ही आयत सुरुवातीलाच बजावते. मग ती अल्लाह, अखेरचा दिवस, फरिश्ते, ग्रंथ आणि पैगंबर यांच्यावरील श्रद्धा सांगते, आणि त्यानंतर लगेच नमाजेकडे न जाता आप्त, अनाथ, गरजू, वाटसरू, याचक आणि गुलामांची मुक्तता यांसाठी संपत्ती देण्याकडे वळते. नमाज आणि जकात, म्हणजे ठरवून दिलेले अनिवार्य दान, त्यापुढे येतात, म्हणजे हे देणे ठरावीक जकातीपेक्षा वेगळे, तिच्याशिवायचे आहे. शेवटी दिलेला शब्द पाळणे आणि तंगीत, दुखण्यात व युद्धाच्या प्रसंगी धीर धरणे येते. यावरून नमाज गौण आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये; ती फर्ज, म्हणजे अनिवार्य, आहे आणि याच आयतीत तिचे स्थान पक्के आहे. नमाज अदा केली म्हणजे बाकीच्या जबाबदाऱ्यांतून सुटका झाली, ही समजूत मात्र ही आयत टिकू देत नाही.

याच आयतीत ‘अला हुब्बिही’ असे दोनच शब्द आहेत, आणि त्यांच्यापाशी मी दर वेळी थांबतो. संपत्तीवर प्रेम असूनही ती देणे, असा त्यांचा एक अर्थ. अल्लाहच्या प्रेमापोटी देणे, हा दुसरा. भाष्यकारांनी दोन्ही मान्य केले आहेत. सूरह आले इम्रानची 92वी आयत पहिल्या अर्थाला बळ देते: तुम्हाला जे प्रिय आहे त्यातून खर्च केल्याशिवाय तुम्ही बिर्रपर्यंत पोहोचणार नाही. ती ऐकून पैगंबरांचे सहकारी हजरत अबू तल्हा यांनी आपली सर्वांत आवडती खजुरीची बाग, बैरुहा, देऊ केली, आणि पैगंबरांच्या सल्ल्याने ती आपल्याच नातलगांत वाटली. मी स्वतः वर्षानुवर्षे दानासाठी जे बाजूला काढत आलो, ते बहुधा मला नकोसे झालेलेच असायचे. डोळेझाक केल्याशिवाय तुम्ही स्वतः घेणार नाही असे निकृष्ट देऊ नका, असेही सूरह बकरातच सांगितले आहे, आणि हे कळल्यावर माझे ते गाठोडे मला फार जड झाले.

चांगला स्वभाव म्हणजे बिर्र, आणि मनात खुपते व लोकांना कळू नये असे वाटते ते पाप, अशी एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. आईवडिलांशी चांगले वागण्यालाही बिर्र हाच शब्द आहे, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही ती संपत नाही. खलिफा उमर यांचे पुत्र अब्दुल्लाह यांना मक्केच्या वाटेवर एक बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, भेटला. त्यांनी त्याला सलाम केला, आपण बसत होतो ते गाढव त्याला बसायला दिले आणि आपल्या डोक्यावरचा फेटाही देऊन टाकला. हे बदू लोक थोडक्यातही समाधानी होतात, असे सोबतच्यांनी म्हटले. त्यावर अब्दुल्लाह यांनी सांगितले की या माणसाचे वडील उमर यांचे स्नेही होते, आणि वडिलांच्या जिवलगांशी मुलाने नाते राखणे ही सर्वांत मोठी बिर्र आहे, असे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते.