कॅम्पर व्हॅनमध्ये चौघे, सहा दिवस: चार खोळंबे आणि त्यांची कारणं

चौघे मित्र, एक कॅम्पर व्हॅन, सहा दिवस. वाटेत चार खोळंबे झाले आणि त्यांतल्या दोघांचं मूळ एकच निघालं: वजन. म्हणून सुरुवात तिथूनच.

गाडीची कमाल मर्यादा 3500 किलो, रिकामी गाडी 2900. हातात उरतात 600. त्यातले 300 माणसांचे, पाण्याची टाकी काठोकाठ भरली तर 100, दोन लोखंडी गॅस सिलिंडर 50. राहिलेल्या 150 किलोंत चांदवा, चार सायकली, खुर्च्या-टेबल, बिछाने, कपडे आणि शिधा बसत नाही. आदल्या दिवशी सगळं भरून, सगळ्यांनी आत बसून वजनकाट्यावर जावं. एकूण आकड्यावर थांबू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा मोजून घ्यावा. मागे टांगलेल्या सायकली तरफेसारखं काम करतात. मागच्या चाकांवर त्यांच्या वजनाहून जास्त भार येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पाणी वाटेपुरतं 20-30 लिटर ठेवावं, बाकीचं मुक्कामाला भरावं. जड सामान तळाला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये.

दुसऱ्या दिवशी लांब उतारावर हे सगळं वजन रोखताना ब्रेक तापले, जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 155 अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात; पेडल दाबलं की बुडबुडेच दबतात, चाकापर्यंत जोर पोचत नाही. अशा वेळी लगेच खालचा गिअर टाकून सपाट जागी थांबावं, गिअरमध्येच ठेवून चाकांना लाकडी पाचर लावावी आणि अर्धा तास गाडी हलवू नये. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. उतार सुरू होण्याआधीच चढाला लागेल तो गिअर टाकावा, आणि ब्रेकवर पाय सतत ठेवण्याऐवजी जोरात दाबून सोडून द्यावा. ऑइल दर 2 वर्षांनी बदलावं.

तिसऱ्या रात्री फ्रिज बंद पडला. यावर सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे दोष बहुतेक जण बॅटरीला देतात आणि नवी घेऊनही तेच होतं. आधी हिशेब. 45 वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज 12 व्होल्टवर सुमारे 4 अँपिअर ओढतो. दिवसातला अर्धा वेळ चालला तरी 48 अँपिअर-तास झाले. 100 अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच काढावेत, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे एकट्या फ्रिजनेच दिवसाचा कोटा संपला. दिवे, पंखा, चार फोन वेगळे. इन्व्हर्टरवर 1000 वॉटची किटली लावली तर 90 अँपिअरच्या वर जातात, तो विचार सोडून द्यावा.

पण त्या रात्री बॅटरी 12.3 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच भरलेली. मल्टिमीटर फ्रिजच्या टोकाला लावल्यावर, फ्रिज सुरू होण्याच्या क्षणी आकडा 11 च्या खाली गेला. फ्रिजपर्यंतची वायर 1.5 चौरस मिलिमीटरची, 4 मीटर लांब. जाऊन-येऊन 8 मीटरमध्ये 4 अँपिअरला जवळपास 0.4 व्होल्ट पडतात, कॉम्प्रेसर उठताना त्याहून जास्त. त्यात लायटर सॉकेटचा सैल प्लग. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करतो. 6 चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीपासून, तिच्याजवळच फ्यूज घालून, टोकाला घट्ट स्क्रूचा जोड: घट 0.1 व्होल्टवर येते.

चौथ्या दिवशी नळ बंद असूनही पंप अधूनमधून घुरघुरत राहिला. टाकी ते पंप या भागातली होज क्लिप सैल असेल तर पंप हवा ओढतो आणि नळ थुंकल्यासारखं पाणी देतो. पंप आपोआप सुरू-बंद होत असेल तर मात्र पंपाच्या पुढे कुठेतरी गळती शोधावी. इथे हे दुसरं कारण निघालं, नळाखालचा जोड ठिबकत होता. पंपाआधीची जाळीही तेव्हाच धुवावी.

पाचव्या दिवशी, पावसानंतर, गाडी गवतात रुतली. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना, तोंड चढाकडे, मागे सायकली: पुढची चाकं पकड घेणार कशी? चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, पुढचं प्रत्येक फिरणं खड्डा खोल करतं. सायकली काढाव्यात, पुढच्या टायरमधली साधारण चौथाई हवा सोडावी, चाकांखाली पायपुसणी सारावी. पायपुसण्यांच्या रेषेत कुणी उभं राहू नये, त्या जोरात उडतात. गाडी खाली घरंगळवून, वळवून उलटी चढवली तर भार पुढच्या चाकांवर येतो. आमची तशीच निघाली. ओढून काढायची वेळ आली तर टो-हुक लागतो. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून बसवावा. सोडलेली हवा भरल्याशिवाय रस्त्यावर वेग घेऊ नये, मऊ टायर तापून फुटतो. मुक्कामालाच तोंड उताराकडे करून गाडी लावली असती तर हा तास वाचला असता.