आमची वाटचाल : केटीच्या वर्गापासून एफईच्या तयारीपर्यंत

दादरच्या रानडे रोडवरील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 2003 साली माझे थोरले बंधू आणि मी मिळून हा वर्ग सुरू केला. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत मेकॅनिक्सला केटी लागलेल्या, म्हणजे त्यात नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यावा लागणाऱ्या मुलांना तो विषय पहिल्यापासून समजावून देणे, एवढेच तेव्हा आमचे काम होते. दहा वर्षे आम्ही मुलांकडून फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरील सगळी बले दाखवणाऱ्या आकृत्या, काढून घेतले आणि त्यावरच दोन्ही घरे चालली.

2013 च्या अखेरीस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टेक्सासहून फोन आला. तेथे सिव्हिलमध्ये एमएस करताना त्याला ‘फंडामेंटल्स ऑफ इंजिनीअरिंग’, म्हणजे एफई, ही परीक्षा द्यायची होती आणि तिची तयारी आमच्याकडेच करायची होती. आपल्याकडे पदवी हाती आली की अभियंता म्हणून कामाला लागता येते, देशपातळीवरची परवाना-परीक्षा नाही. अमेरिकेत मात्र आराखड्यावर स्वतःचा शिक्का उमटवायचा असेल तर राज्याचा परवाना लागतो. एनसीईईएस ही संस्था घेते ती एफई ही त्या परवान्याची पहिली पायरी. त्यानंतर साधारण चार वर्षांचा अनुभव आणि पीईची, म्हणजे ‘प्रोफेशनल इंजिनीअर’ची परीक्षा.

येथे आमच्या हातून चूक झाली. जानेवारी 2014 पासून ही परीक्षा कागदावरून संगणकावर गेली आणि आठ तासांतील 180 प्रश्नांच्या जागी 110 प्रश्न व पाच तास वीस मिनिटे असे तिचे स्वरूप झाले. बदल आम्हांला ठाऊक होता, पण तो तयारीत उतरला नव्हता. सूत्रांचे हँडबुक आम्ही छापून बाइंडिंग करून घेतले, त्या विद्यार्थ्याने त्याला रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि कोणते सूत्र कोणत्या पानावर आहे हे पाठ केले. केंद्रावर स्वतःचा एकही कागद नेता येत नाही. हँडबुक प्रश्नाशेजारी पडद्यावरच उघडते आणि शब्द टाकून शोधावे लागते. तो नापास झाला, आणि दोष त्याचा नव्हता. नापास झालेल्यांना विषयवार निकालपत्र मिळते. ते आम्ही दोघा भावांनी रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा वाचले. तेव्हापासून आमच्याकडे हँडबुक छापले जात नाही, पहिल्या दिवसापासून ते पडद्यावरच वापरायचे असा नियम आहे.

दुसरी अडचण एककांची होती, आणि माझ्या मते मुंबईत शिकलेल्या मुलाची खरी कसोटी तेथेच लागते. येथे चार वर्षे न्यूटन आणि मीटरमध्ये काढलेल्या मुलासमोर अचानक फूट, पाउंड आणि किप (हजार पाउंड) येतात. एकदा टाकीच्या तळावरील दाबाचे गणित चालू असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझं उत्तर चारही पर्यायांत नाही.” पाण्याची खोली 10 फूट, घनफुटाचे वजन 62.4 पाउंड, म्हणून तिने 624 लिहिले होते; विचारले होते ते चौरस इंचावरील दाबाबद्दल, म्हणजे 144 ने भागून 4.33. पद्धत अचूक होती, फक्त एकक शेवटपर्यंत नेलेले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक पायरीवर एकक लिहिल्याशिवाय आम्ही गणित तपासत नाही. एका प्रश्नाला सरासरी तीन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो, तरी हा नियम आम्ही सैल केलेला नाही. सवयीने लिहिलेले एकक वेळ खात नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही आम्ही आग्रहाने सांगतो. कॅल्क्युलेटर तेवढा ओळखीचा असतो, कारण मुंबईत कॉलेजभर वापरलेली कॅसिओची एफएक्स-991 मालिका तेथेही चालते.

व्यावसायिक नीतिमत्ता आणि इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्स हे विषय आपली मुले हमखास शेवटी ठेवतात. सिव्हिलच्या परीक्षेत या दोन विषयांचे मिळून नऊ ते चौदा प्रश्न असतात, म्हणून आम्ही ते सुरुवातीच्या आठवड्यांतच घेतो. जाहिरात करणाऱ्या एका माणसाने मधल्या काळात पाटीवर ‘उत्तीर्ण होण्याची हमी’ लिहिण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही आणि आजही मानणार नाही.

सध्या आमचा वर्ग पहाटे साडेसहाला ऑनलाइन भरतो. उन्हाळ्यात टेक्सासमध्ये तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि मुले कामावरून परतलेली असतात. त्यासाठी मी पावणेसहाला घर सोडतो. दादरचा फूलबाजार त्या वेळी ऐन भरात असतो. टेक्सासचा तो पहिला विद्यार्थी दुसऱ्या प्रयत्नात एफई उत्तीर्ण झाला, पुढे पीईही झाला. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय संहितेवर वाढलेल्या आम्हां दोघांना अमेरिकन संहितांवरचे प्रश्न एकट्याने तपासण्याची खात्री वाटत नाही, म्हणून स्ट्रक्चर आणि वाहतूक अभियांत्रिकीचे आमचे प्रत्येक सरावपत्र आता आधी त्याच्याकडे जाते, आणि त्याने लाल खुणा करून परत पाठवल्यावरच मुलांच्या हाती पडते.