सबवूफरच्या बॉक्सची तिरकी कड: कोन आकड्यावरून नाही, फळीवरून घ्या

गाडीच्या डिकीत सीटच्या पाठीला चिकटून बसणारा सबवूफरचा, म्हणजे खालचे घुमणारे आवाज देणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स करायचा म्हटलं की त्याची एक बाजू तिरकी येणारच, कारण सीटची पाठ कधीच सरळ उभी नसते. बहुतेकांना वाटतं की तिरकी भिंत आवाजासाठी असते, आतल्या समांतर भिंतींमधला गोंधळ कमी होतो वगैरे. सबवूफरला त्याचा काही उपयोग नाही, ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते आणि आपला बॉक्स अर्धा मीटरही नसतो. तिरकी बाजू फक्त जागेत नीट बसण्यासाठी, पण ती बसवताना जी कड तिरकी कापावी लागते तिथेच सगळ्या बॉक्सची हवाबंदी ठरते, म्हणून आज फक्त त्या कडेबद्दल.

समजा आतली उंची ३५ सेमी, आतली खोली खाली ३२ आणि वर १८. फरक १४, त्याला ३५ ने भागलं की ०.४, म्हणजे कोन साधारण २१.८ अंश. आतली रुंदी ४५ धरली तर सरासरी खोली २५ गुणिले ३५ गुणिले ४५, म्हणजे ३९ लिटरच्या थोडं वर, त्यातून स्पीकरच्या मॅग्नेटची आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांची जागा वजा करायची. आणि स्पीकर वरच्या बाजूला सरकवून लावणार असाल तर मॅग्नेट तिरक्या फळीला टेकत नाही ना हे कापायच्या आधीच बघा, वर खोली कमी असते हे कागदावर पटकन लक्षात येत नाही.

आता सगळ्यात जास्त गडबड होते ती इथे. कोनमापक लावून खालच्या कोपऱ्यातला कोन मोजला तर तो ६८ दाखवतो, आणि सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची करवत) किंवा टेबल सॉ (तीच टेबलात बसवलेली) यांचं पातं साधारण ४५ च्या आसपासच वाकतं, मग माणूस म्हणतो हे मशीनवर होणारच नाही. होतं. मशीनचा शून्य म्हणजे पातं सरळ उभं, म्हणजे आपली नेहमीची ९० ची कड. त्यामुळे ९० मधून ६८ वजा करा, २२ उरले, पातं तेवढंच वाकवायचं.

माझं ठाम मत आहे की आधी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूच्या फळ्या कापाव्यात, एकावर एक क्लॅम्प करून एकदमच, आणि नंतरचा सगळा कोन त्यांच्यावरूनच घ्यावा. मशीनवरच्या पट्टीवर २२ लिहिलंय म्हणून ते २२ असेलच असं नाही, त्या पट्ट्या एखाद अंशाने सहज चुकीच्या असतात. सरकता गुण्या, म्हणजे हवा तो कोन पकडून घट्ट करता येणारा गुण्या, बाजूच्या फळीच्या कोपऱ्याला लावून घट्ट करायचा, तोच पात्याला लावून पातं वाकवायचं, मग त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर एक काप घ्यायचा आणि तो तुकडा बाजूच्या फळीशेजारी धरून उजेडाकडे बघायचं. दोन्ही तिरप्या रेषा तंतोतंत जुळल्या की पातं बरोबर आहे, मग आकडा कितीही असो. खरंच, ही एक सवय लावली तर बाकीचं अर्धं काम आपोआप सुटतं.

तळ आणि छत या दोन फळ्यांची सीटकडची कड तिरकी कापायची. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर या कोनाला फळीच्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत कड ७ मिमीच्या थोडी वर सरकते. म्हणजे तळाची फळी आतून ३२ असेल तर बाहेरून ३२.७, आणि छत आतून १८ तर बाहेरून १७.३, दोन्हीत खालचा पृष्ठभाग लांब. म्हणून फळीवर पेन्सिलने आत आणि बाहेर असं लिहूनच ठेवा, नाहीतर छत उलटं कापलं जातं आणि मग त्या तुकड्याचं काहीच होत नाही.

या दोन कडांवर बाहेरून लागणाऱ्या तिरक्या फळीच्या वरच्या-खालच्या कडा एकमेकींना समांतर हव्यात. एक कड कापली की फळी पालथी करायची आणि मग दुसरी कड पात्याकडे आणायची. नुसती फिरवून तोच पृष्ठभाग वर ठेवला तर दोन्ही कडा आत झुकतात आणि बॉक्स तळावर नीट टेकत नाही. ही फळी मी दोन-तीन मिमी लांबच ठेवतो आणि गोंद वाळल्यावर रंध्याने सपाट करतो.

सर्क्युलर सॉ वापरत असाल तर अजून एक, पातं वाकवलं की बेसच्या (फळीवर टेकणाऱ्या पत्र्याच्या) कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर बदलतं, त्यामुळे सरळ कापासाठी मोजून ठेवलेलं माप इथे चालत नाही, टाकाऊ तुकड्यावर नव्याने मोजा. टेबल सॉ असेल तर पातं फेन्सकडे (फळी टेकवून सरकवायच्या पट्टीकडे) झुकलेलं नको, त्यामधला तुकडा अडकून मागे उडू शकतो. जिगसॉने तिरकी कड कापायच्या भानगडीत मी पडत नाही, जाड फळीत पातं वळतं आणि कड लाटेसारखी होते. आणि मास्क लावाच, एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, छातीत जातो.

जोडताना तिरक्या कडेवर क्लॅम्प घसरतो, म्हणून आतून कोपऱ्यात त्याच कोनात कापलेली पट्टी आधी लावून घ्या आणि तिरकी फळी तिच्यावर दाबा. स्क्रू मारायचे तर आधी बारीक भोक पाडा, आणि ड्रिल तळाच्या फळीला समांतर धरा, तिरक्या फळीला काटकोनात धरलं तर टोक तळातून बाहेर येतं. साधा लाकडाचा गोंद फट भरत नाही, त्याला कडा चिकटलेल्याच हव्यात, तरी कुठे केसाएवढी फट राहिली तर आतून सिलिकॉनची रेघ ओढा आणि ते पूर्ण वाळून वास जाईपर्यंत स्पीकर बसवू नका, कच्च्या सिलिकॉनच्या वाफेने स्पीकर खराब होऊ शकतो.